पिवळीवरचा तोल

सुईआत्याचा राग आधी हातात उतरायचा. मागच्या खोलीत कात्री आपटल्याचा आवाज आला की वहिनी काउंटरवरूनच ओळखायच्या, आज बाईंचं बिनसलंय. त्या उन्हाळ्यात कात्री रोज आपटत होती.

तलावाच्या काठावर पत्र्याची लांबलचक शेड होती. पुढे काउंटर, खुंट्यांवर ओली लाइफ जॅकेटं, एका भिंतीला विंडसर्फिंगच्या फळ्या ओळीने उभ्या केलेल्या आणि सगळ्यात मागे शिडांची खोली. अप्पांनी सुरू केलेला हा धंदा. अप्पांनंतर त्यांचा मुलगा, दादा, जेट्टीवर शिट्टी गळ्यात अडकवून उभा राहायला लागला, वहिनी काउंटरवर बसल्या, आणि दादाची धाकटी बहीण मागे मशीनवर. शिकायला येणाऱ्या पोरांनी तिला सुईआत्या करून टाकलं. पुढे नवराही हाक मारताना तेच म्हणायला लागला, मग खऱ्या नावाची गरज कुणाला उरली नाही.

मशिनी खरं तर दोन होत्या. खिडकीजवळची आत्याची, जाड कापडही मुकाट्याने शिवणारी. आणि कोपऱ्यातली जुनी, दोऱ्याशी वैर असलेली. ती टाके खायची, दोरा तोडायची, सुई वाकवायची. तिच्यावर आता फक्त जेवणाचे डबे ठेवत.

त्या पाण्यावर दिसणाऱ्या प्रत्येक शिडावर आत्याचा टाका होता. कुठल्या शिडाचा कोपरा कुणी दगडावर घासला, कुठली पट्टी उन्हाने कुजली, हे तिला लांबून नुसतं बघून कळायचं. आणि ही बाई स्वतः तीस-बत्तीस वर्षांत एकदाही पाण्यावर गेली नव्हती. कारण काय? तर हिला तोल नाही.

हा निकाल लागला ती सोळा वर्षांची असताना. शाळा संपली होती, दादा तेव्हा शर्यती जिंकून छाती काढून फिरत होता. त्याने हौसेने तिला आपल्या पिवळ्या फळीवर चढवलं. ती पडली. पुन्हा चढवलं, पुन्हा पडली. संध्याकाळपर्यंत ती निम्मा तलाव प्यायली आणि दादाने पोट धरधरून हसत जाहीर केलं, "हिला तोलच नाही!" अप्पा म्हणाले, "जाऊ दे, आईच्या हाताखाली मशीनवर बसू दे." झालं. घरातल्या दोन माणसांनी दोन वाक्यांत एका मुलीचं ठरवून टाकलं, आणि रात्री सगळे जेवून झोपले.

पुढे तो घरातला कायमचा विनोद झाला. हातून पेला निसटला, "तोल नाही ना!" जिन्यात ठेच लागली, "तोल नाही ना!" सांगून सांगून तिलाही ते इतकं खरं वाटायला लागलं की ती सायकलसुद्धा शिकली नाही. घर ते शेड, शेड ते घर, सगळं आयुष्य पायी. लेकीला सायकल शिकवायची वेळ आली तेव्हा नवरा मागे पळाला, ही फाटकात उभी राहून नुसती ओरडत होती, "जपून गं, जपून!"

मग त्या उन्हाळ्यात एक निवृत्त नर्सबाई शिकायला आल्या. साठी उलटलेली, गुडघ्याला पट्टा, केस पांढरेफटक. आठवड्याभरात त्या शीड धरून पाण्यावरून अशा गेल्या की आत्याचा पाय पायडलवर तसाच राहिला. या बाईला जमतं आणि मला नाही? त्याच दुपारी ती जेट्टीवर गेली.

"दादा, मला शिकायचंय."

"आता? या वयात?" दादा हसला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "बरं बाई, शीक. ती पिवळी घे. कोणी वापरत नाही, आपटलीस तरी हरकत नाही. नवशिक्याला जुनी चालते."

तिला बरंच वाटलं. भावाने आपली जिंकलेली फळी दिली, असं तिने नवऱ्याला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

आणि मग सुरू झालं पडणं. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती पिवळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात जायची. फळीवर गुडघे टेकायची, तोवर ठीक. उभी राहिली की पिवळी आधी घोट्यापर्यंत खाली जायची, मग एका अंगाला वळायची, की आत्या पाण्यात. पाण्यात पडलेलं शीड दोरीने वर ओढायचं तर पाठीतून कळ यायची. नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. जेट्टीवरून दादाची आकाशवाणी चालूच, "गुडघे वाकव! समोर बघ! अगं, पायाकडे काय बघतेस, पाय कुठे पळून जाणार आहेत!" बाकावर बसलेली गिऱ्हाइकं हसायची. वहिनी टॉवेल पुढे करून म्हणायच्या, "पुरे गं आता. नाही एखाद्याला जमत."

राग यायचा, पण तो स्वतःचाच. मशीनपाशी ती एका पायावर उभं राहायची सवय करत होती, बॉबिनच्या डब्यावर चढून. डबा गडगडला की पायांनाच शिव्या घालायची. मेले आपलेच पाय, आपल्याला साथ देत नाहीत. घरी नवरा तेल चोळून देत म्हणाला, "सोड ना नाद." तर त्याच्यावरही भडकली.

एके दुपारी कुणीतरी वाऱ्यासोबत पार दुसऱ्या टोकाला गेलं म्हणून दादा होडी घेऊन आणायला गेला होता. आत्या मागे एका शिडाची पट्टी शिवत होती. पुढे एक उंचापुरा तरुण आला, पहिल्यांदाच शिकायला. त्याला भिंतीशी उभी असलेली पिवळी आवडली. आटोपशीर, टोकदार, दिसायला झोकदार.

वहिनींनी रोजच्या पाठ झालेल्या सुरात सांगितलं, "ती नको. ती शिकणाऱ्याची नाहीच. सुसाट वारा असला आणि फळी पळत असली तरच ती माणसाला पेलते, नाहीतर उभं राहिलं की खाली जाते. ही लाल लांबडी घ्या. आहे जुनीच, जडही आहे, पण लांब आहे, रुंद आहे, खाली हे मधलं पातं आहे, त्यामुळे वाहवत नाही. आमच्याकडे सगळे हिच्यावरच शिकतात."

मागच्या खोलीतली मशीन थांबली.

तो तरुण लांबडी ओढत किनाऱ्याकडे जाईपर्यंत आत्याने दम धरला. मग ती काउंटरपाशी आली. कात्री हातातच होती.

"वहिनी, पिवळीचं काय सांगितलंत त्याला?"

"काय? ते होय? ते सगळ्यांनाच सांगते मी. गिऱ्हाईक पडलं, कुठे लागलं, म्हणजे बोंबाबोंब नको."

"मग मला का दिलीत?"

वहिनी मनापासून गोंधळल्या. "तुला? अगं, तू काय, घरचीच आहेस."

हे त्या मायेने बोलल्या, आणि त्या मायेनेच आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या माणसाला लागू नये म्हणून सावध करायचं, आणि घरच्या माणसाला कोपऱ्यातलं काढून द्यायचं! तिने कात्री काउंटरवर ठेवली, पिवळी काखेत मारली आणि जेट्टीवर जाऊन बसली.

दादा होडी बांधून वर आला. ती म्हणाली, "उभा राहा हिच्यावर."

"काय झालं?"

"झालं काही नाही. उभा राहा."

"अगं, वारा कुठे आहे? ही तर नुसती झुळूक."

"मला कधी होता? रोज याच वाऱ्यात उभी करत होतास ना? गुडघे वाकव, समोर बघ आणि उभा राहा."

बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली. एवढ्या लोकांत मागे कसं हटायचं? दादाने शिट्टी काढून ठेवली, पाण्यात उतरला, फळीवर चढला. चांगला वजनदार गडी झाला होता आता. तो उभा राहिला न राहिला तोच पिवळी त्याच्यासकट खाली गेली. पुन्हा चढला. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा नाकातोंडातून पाणी येत होतं आणि बाक खदखदत होता.

"तुलाही तोल नाही वाटतं, दादा," आत्या म्हणाली.

"तसं नाही गं, या वाऱ्यात हिच्यावर कुणीच—"

"हां. बोल पुढे. कुणीच काय?"

तो छातीएवढ्या पाण्यात उभा होता. "माझ्या लक्षात नाही आलं."

"तू स्वतः कशावर शिकलास?"

दादा तोंडावरचं पाणी पुसत राहिला. मग तीच म्हणाली, "लांबडीवर शिकलास. मी इथेच बसून बघत होते, तुझे कपडे मांडीवर घेऊन. मग मला लांबडी का नाही दिलीस तेव्हा?"

"लांबडी गिऱ्हाइकाला लागायची," दादा हळू आवाजात म्हणाला. "अप्पाच म्हणाले, तिला तुझीच दे."

बस, एवढंच. कुणी दुष्टपणा केला नव्हता, कुणी डाव रचला नव्हता. गिऱ्हाइकाला फळी लागायची, एवढंसं कारण. तेवढ्यावर तिचा तोल गेला होता, सायकल गेली होती, सगळी तरुण वर्षं खिडकीआड गेली होती. कुणी मुद्दाम केलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. इथे भांडायचं कुणाशी? यांनी विचारच केला नव्हता, तो आजतागायत केला नव्हता, आणि वर हसत होते.

उंचापुरा तरुण एव्हाना दमून लांबडी काठाला घेऊन आला होता. आत्याने त्याच्या हातून ती जवळजवळ हिसकावलीच. लाल रंग विटून गाजरासारखा झालेला, कडा ठेचलेल्या. पिवळीपेक्षाही म्हातारी. तिने गुडघे टेकले, मग एक पाय, मग दुसरा. फळी जराशी डुलली आणि शांत झाली. आत्या उभी होती. अंगणात उभं राहावं तशी उभी होती.

तिने दोरी ओढली, शीड वर आलं, तिने आडवी दांडी धरली आणि फळी चालायला लागली.

लोकांना वाटलं बाई आता आनंदाने ओरडेल. तिला आनंद झालाच नाही. तिला इतका संताप आला की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतकं सोपं होतं? एवढंच होतं हे? पाय तिचे तेच होते, तेच गुडघे, तीच कंबर. ज्या पायांना तिने जन्मभर नावं ठेवली ते बिचारे कधी चुकलेच नव्हते. ती भर तलावात मोठमोठ्याने शिव्या देत चालली होती, अप्पांना, दादाला, वहिनींना आणि सगळ्यात जास्त स्वतःला, की बाई गं, एकदा तरी विचारायचं होतंस, दुसरी फळी का नाही!

"वळ!" दादा जेट्टीवरून ओरडला. "आता वळ!"

वळायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवलं होतं ते पडायला. ती सरळ समोरच्या काठाच्या गवतात जाऊन घुसली, खाली उतरली, लांबडीचं तोंड हातांनी फिरवलं आणि पुन्हा चढून परत आली. न पडता.

जेट्टीवर दादा फाटकं शीड घेऊन उभा होता. कपडे अजून निथळत होते. "शाब्बास!" तो घाईघाईने म्हणाला. "खरंच शाब्बास. आता तेवढं हे शिवून दे पटकन, ते लोक थांबलेत."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याला दंडाला धरून शेडमध्ये नेलं. खिडकीजवळच्या मशीनवरून पुढे नेलं, थेट कोपऱ्यात. जुन्या मशीनवरचे डबे उचलून खाली ठेवले.

"बस."

"अगं, मला कुठे येतं?"

"शिकशील. नवशिक्याला जुनी चालते."

दादा बसला. न बसून काय करतो? दारात बाकावरची चार माणसं येऊन उभी होती, वहिनीही आल्या होत्या. त्याने शीड सुईखाली सरकवलं आणि पायडल दाबलं. दोनचार टाके पडले आणि दोरा तुटला. त्याने ओवून घेतला. पुन्हा तुटला. मग सुई वाकली.

"तुला हातच नाही रे, दादा," आत्या हसत म्हणाली. अगदी त्याच्याच हसण्यासारखं हसली.

या वेळी दुसरं कुणी हसलं नाही. दादा वाकड्या सुईकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

आत्या तोवर बाहेर पडली होती. लांबडी एकट्याने उचलायची फळी नव्हे. तिने एक टोक पाण्याच्या दिशेने वळवून धरलं आणि हाक मारली, "वहिनी, दुसरं टोक धरा."

वहिनींनी काउंटर तसाच सोडला आणि येऊन दुसरं टोक धरलं.