कोमट पाण्यातली अकरा अंडी

गावात कोंबड्यांवर मानमोडीचा रोग आला आणि शेजारच्या चाचांच्या असील कोंबड्या चार दिवसांत संपल्या. असील म्हणजे उंच, जाड पायांची, कुणाच्या बापाला न घाबरणारी जात. बीबी गावच्या बाजारातही हल्ली अस्सल असील दिसत नाही. चाचांकडचं वाण त्यांच्या वडिलांपासूनचं. रोग यायच्या आधी घातलेली अकरा अंडी तेवढी उरली. माझी गावरान कोंबडी नेमकी तेव्हा खुडूक होऊन अंड्यांवर बसायला आलेली, म्हणून त्यांनी ती अंडी माझ्या हवाली केली. म्हणाले, "एकवीस दिवस हात नको लावजो, पोरी."

मला एकवीस मिनिटं दम निघत नाही. रोज दुपारी कोंबडी उचलायची, मोबाइलच्या उजेडात अंडी पाहायची, पुन्हा तिला बसवायचं. जीव गुंतला होता, दुसरं काय! अठराव्या दिवशी कोंबडीबाई उकिरड्यावर उकरत फिरताना दिसल्या. टोपल्यात हात घातला तर अंडी गार. तिला धरून आणलं, अंड्यांवर बसवलं, वर डालगं पालथं घातलं आणि तिला, मोबाइलला, स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. ती बसली एकदाची. पण अंडी किती वेळ उघडी होती, कुणाला ठाऊक.

दुसऱ्या सकाळी चाचाच आले. "घमेल्यात कोमट पाणी आण," म्हणाले. या दिवसांत आत पिल्लू जिवंत असेल तर अंडं पाण्यावर आपोआप डुलतं. मी घमेलं मांडीवर घेऊन बसले. त्यांनी एकेक अंडं सोडलं.

"चाचा, हालली! सगळीच हालून राह्यली!"

"घमेलं खाली ठेव. हात थरथरून राह्यले तुहे."

ठेवलं. पाणी शांत झालं, तशी अंडीही. मला श्वास घ्यायची भीती वाटायला लागली. मग एक अंडं किंचित झुकलं, सावरलं, पुन्हा झुकलं. मग दुसरं. बऱ्याच वेळाने कडेचं तिसरं. पाणी निवायला लागलं तेव्हा चाचांनी उरलेली आठ बाजूला काढली.

"रोज उचलत होती ना?"

"हाव, चाचा."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तीन अंडी कोंबडीखाली सरकवली आणि आठ माझ्या पदरात घातली. "पुरून ये. कुत्रं उकरन, खोल खणजो."

खणताना मी ढसाढसा रडले. परत आले तर खुराड्यासमोर खाट टाकून चाचा बसलेले. दोन दिवस त्यांनी मला जवळ फिरकू दिलं नाही, आणि मीही हट्ट केला नाही.

एकविसाव्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली. तीन ओली पिल्लं कोंबडीच्या पंखाखालून डोकावत होती.

"ये," चाचा म्हणाले, "आता उचल."

माझा हात काही पुढे होईना.