झाकणभर पाणी

अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सकाळी पितरांसाठी आणलेल्या कोऱ्या मडक्यात पाणी पडलं, की जो मातीचा वास सुटतो तो मला थेट नागपूरच्या एका दवाखान्यात नेऊन उभं करतो. राळेगावहून बाबांना बायपाससाठी तिथं नेलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, आम्ही सगळ्यांना फोनही करून टाकले. पण दुसऱ्या दिवसापासून खाटेखाली टांगलेली लघवीची पिशवी भरेचना. तळाशी काळ्या चहासारखं थोडंसं काहीतरी. बाबांचे पाय सुजले, चेहरा ओळखू येईना. डॉक्टर म्हणाले, "हृदय थांबवून मशीनवर रक्त फिरवतो ना, तेव्हा किडन्यांना रक्त कमी पडलं. जुन्या शुगरनं त्या आधीच थकलेल्या. आता प्यायलेलं पाणी छातीत साचतंय." म्हणून पाणी बाटलीच्या झाकणानं मोजून द्यायचं. वावरातून आल्यावर उभ्या उभ्या तांब्या रिकामा करणारा माणूस त्या झाकणाकडे बघत राहायचा. "एक तांब्या दे ना वं," ते मायला म्हणायचे, "आपल्या विहिरीचं." "ऑपरेशन तं चांगलं झालं म्हंता, मंग पाणी काहून नाही देत?" माय नर्सला विचारायची, आणि शेवटी झाकणच पुढं करायची. डायलिसिस लावलं, तरी बाबा घरी आले नाहीत. आता दर अखाजीला मडकं मायच भरते. ते काठोकाठ भरलं तरी तिचा हात थांबत नाही. पाणी पाटावरून अंगणात वाहत जातं. मी तिचा हात धरायला गेलो, की माझ्याकडे न बघता ती मडक्यालाच सांगते, "प्या आता. कोणी नाही मोजून राह्यलं."