आमिनाबीबींच्या दाराशी

सरिता रेडकर मूळची वेंगुर्ल्याची. सौदी अरेबियातल्या डोंगराळ भागात, खमीस मुशैतच्या एका खाजगी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून तिला सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षांत तिने अरबी नेमकी तेवढीच शिकून घेतली होती, जेवढी माणसाला पलंगावरून उठवायला लागते. "गूमी" म्हणजे ऊठ, "इमशी" म्हणजे चाल, आणि पेशंटने कुरकुर केली की "यल्ला", म्हणजे चला, आटपा. एवढ्या भांडवलावर तिने अर्ध्या गावाचे गुडघे चालते केले होते. बाई कामाला वाघ, पण बोलण्यात सगळा कारभार हुकमाचा. कुडाळला शाळामास्तर असलेला तिचा नवरा शिरीष तिच्या रोजच्या फोनला "हेडबाईंचा राउंड" म्हणायचा, आणि मग तिची बोलणी निमूट खायचा.

अशा या बाईच्या वाट्याला बारा नंबरच्या खोलीतल्या आमिनाबीबी आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. घरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्याच आठवड्यात मेंदूला हलका झटका येऊन गेला. हातपाय वाचले, पण साठ वर्षं बोललेली अरबी पार पुसली गेली. उरली ती जन्माची भाषा, स्वाहिली. बीबी केनियातल्या मोंबासाच्या. सतराव्या वर्षी लग्न करून या डोंगरावर आल्या होत्या. त्यांच्याशी स्वाहिलीत बोलणारी एकुलती एक बहीण चार वर्षांपूर्वी वारली. मुलांनी ती भाषा कधी शिकली नाही, नातवंडांची तर गोष्टच सोडा. सव्वीस वर्षांचा नातू कादिर रोज यायचा, उशाशी बसायचा आणि आजी बहिरी असल्यासारखा अरबीत मोठमोठ्याने बोलायचा. आजी त्याचा हात धरून त्याच्या ओठांकडे बघत बसायची. सरिताला ते पाहवत नसे.

हाडांच्या डॉक्टरांनी कादिरला स्पष्ट सांगितलं. तीन आठवडे. तेवढ्यात बीबी वॉकर धरून आपणहून उठल्या आणि पलंगापासून दारापर्यंत दहा पावलं चालल्या, तर घरी. नाही तर कायमच्या आजाऱ्यांचा वॉर्ड. त्या वॉर्डातून कुणी चालत घरी गेलेलं सरिताने अजून पाहिलं नव्हतं, आणि आपल्या पेशंटने तिथे जायचं हे तिला काही केल्या मान्य नव्हतं.

पण बीबी पाय उचलायला तयार नव्हत्या. "गूमी" म्हटलं की भिंतीकडे तोंड. हातवारे केले की डोळे बंद.

हॉस्पिटलात स्वाहिली येणारी एकच व्यक्ती सरिताच्या ओळखीची होती. म्वानाइशा, ऑपरेशन थिएटरमधली मदतनीस, तीही मोंबासाचीच. तिला ड्युटी सोडून वरच्या मजल्यावर यायची परवानगी नव्हती. सरिताने तिला कँटीनमध्ये गाठलं.

"मला स्वाहिली शिकव."

"किती दिवसांत?"

"आठवड्यात कामापुरती."

म्वानाइशा इतकी हसली की तिला चहाचा कप खाली ठेवावा लागला. "मग आमच्यात राहायला ये. हॉस्टेलच्या तुझ्या मजल्यावर सगळ्या केरळच्या नर्स, तिथे राहून तू मल्याळमच शिकशील."

बोलणं थट्टेचं होतं, पण सरिता त्याच संध्याकाळी बॅग घेऊन हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर हजर. तिथल्या फ्लॅटमध्ये म्वानाइशासकट पाच केनियन बायका राहत होत्या. दार उघडंच होतं म्हणून सरिता आपली सरळ आत शिरली. म्वानाइशाने तिला खांद्याला धरून पुन्हा बाहेर नेऊन उभं केलं.

"असं कुणाच्या घरात शिरतात? दारात उभं राहून 'होडी' म्हणायचं. आतून 'करीबू' आलं की मग आत. तीनदा हाक मारायची. तीनदा मारूनही घरच्यांनी दाद दिली नाही तर पाहुणा परत जातो. आणि आमच्याकडे पाहुणा दारातून परत गेला की घरच्या बाईला तोंड दाखवायला जागा राहत नाही."

वेंगुर्ल्याच्या माणसाला होडी विसरणं शक्य नव्हतं. सरिताने हाक मारली, आतून पाच जणींनी एका सुरात "करीबू" म्हटलं, आणि तिची शाळा सुरू झाली.

शिकायची तिची पद्धत तिच्यासारखीच होती. हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी घेऊन तिने फ्लॅटभर नावं डकवली. दारावर, बादलीवर, मिठाच्या बरणीवर, एकदा झोपलेल्या म्वानाइशाच्या पायावरसुद्धा. फ्लॅटमध्ये इंग्रजी बोलायची नाही, असा फतवा तिने स्वतःच काढला. पहिले दोन दिवस ती बरीचशी उपाशी राहिली, कारण हवं ते मागता येईना. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ही भाषा तितकी परकी नाही. गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बीमा, चपातीला चपाती! जुन्या काळी गलबतांतून माणसं गेली तेव्हा शब्दही गेले असणार. नारळाच्या रसातले राजमे ताटात पडले तेव्हा तर ती म्हणालीच, "अगो बाई, ही तर आमची उसळ." आणि तिला चुकायची लाज नव्हती. ती बेधडक बोलायची, पाचही जणी हसून लोळायच्या, आणि हसणं ओसरलं की बरोबर काय ते सांगायच्या. सरिताही त्यांच्याबरोबर हसून घ्यायची.

सहाव्या दिवशी ती बारा नंबरच्या खोलीत गेली ती युद्धाला निघाल्यासारखी. वीस क्रियापदं तोंडपाठ होती. पलंगापाशी उभी राहून तिने एका दमात तोफा डागल्या. "सिमामा! काआ! तेंबेआ!" उभ्या राहा, बसा, चाला.

आमिनाबीबींनी डोळे उघडले. आपली भाषा ऐकून क्षणभर चेहरा उजळला आणि दुसऱ्याच क्षणी असा काळवंडला की सरिता घाबरली. बीबींनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.

संध्याकाळी तिने ही फजिती सांगितली तेव्हा म्वानाइशा चपात्या लाटत होती.

"आत गेल्यावर आधी काय म्हणालीस?"

"सिमामा."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काही नाही."

लाटणं थांबलं. "तू माझ्या आजीच्या वयाच्या बाईच्या खोलीत शिरलीस आणि तिला म्हणालीस, उभी राहा? पोलीस आहेस का तू?"

मग म्वानाइशाने तिला पुढ्यात बसवून शिकवलं. मोठ्या माणसासमोर गेलं की पहिला शब्द "शिकामो". म्हणजे मी तुमचे पाय धरते. ते "मराहाबा" म्हणाले की समजायचं, नमस्कार पोचला. मग रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, मुलंबाळं कशी आहेत, अंग कसं आहे, सगळं विचारायचं. उत्तर ऐकून घ्यायचं. त्यांनीही आपली चौकशी केली की सांगायचं. मग काम.

"अगं, मला एका पेशंटला तीस मिनिटं मिळतात!"

"मग वीस मिनिटं काम कर."

सरिताला आपली आज्जी आठवली. सुट्टीत घरी गेल्यावर पाया न पडता सरिता थेट स्वयंपाकघरात घुसली, तर आज्जी दिवसभर बोलत नसे. हे सगळं आपल्याला माहीत होतं की! परक्या भाषेत शिरताना आपण ते चपलांसारखं बाहेर काढून ठेवलं, याची तिला मनापासून शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलंगाच्या पायथ्याशी बसली. घोटा तपासायला बीबींची पावलं रोजच हातात घ्यावी लागत. आज तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "शिकामो, बीबी."

चादर हळूच खाली आली. बीबींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "मराहाबा, म्वानांगू," त्या म्हणाल्या. म्वानांगू म्हणजे माझ्या लेकरा. आणि मग त्या जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. सरिताला त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण ती मान डोलावत राहिली आणि मधूनमधून गुडघा वाकवत राहिली. बीबींचं गुडघ्याकडे लक्षच नव्हतं.

पंधराव्या दिवशी बीबी सरिताचा हात धरून उभ्या राहिल्या. सतराव्या दिवशी चार पावलं टाकली. पण हात सोडला की खाली बसत. पायांत जोर आला होता, सरिताच्या बोटांना ते कळत होतं. मग अडतंय कुठे? अठराव्या दिवशी तिने विचारलंच.

"बीबी, घरी नाही जायचं?"

"कशाला जाऊ?" बीबी शांतपणे म्हणाल्या. "घरी भिंती आहेत. इथे तू आहेस. तिथे माझ्याशी बोलणार कोण?"

हे वाक्य सरिताला पुरतं कळलं. इतकं पुरतं कळलं की त्या दिवशी आपल्याला ही भाषा आली नसती तर बरं झालं असतं, असंही तिला वाटून गेलं.

कादिर संध्याकाळी आला तसं तिने त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि आजी काय म्हणाली ते इंग्रजीत शब्दाशब्दाने सांगितलं. तरणाताठा मुलगा, पण त्याचे डोळे भरून आले.

"मी रोज येतो, सिस्टर. रोज बोलतो."

"तुमच्या भाषेत बोलता. आता तिच्या भाषेत बोला."

"तीन दिवसांत?"

"मला आठवडा लागला, आणि माझी ती कुणी आजी नव्हती. यल्ला, बसा इथे." हेडबाई पुन्हा जाग्या झाल्या होत्या. मात्र या वेळी पहिला धडा "शिकामो"चा होता.

एकविसाव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. वॉकर पलंगाशी ठेवला होता. बीबी काठावर बसल्या होत्या, हात मांडीवर, वॉकरकडे ढुंकूनही न बघता. डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं. सरिताने बीबींना काही सांगितलं नाही. ती फक्त दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

बंद दाराबाहेरून पुरुषी आवाज आला. "होडी!"

बीबींची मान झटकन वर झाली. हात आपोआप डोक्यावरच्या ओढणीकडे गेला. "करीबू," त्यांनी पलंगावरूनच म्हटलं.

कुणी आत आलं नाही. पाहुण्याला तशी सक्त ताकीदच होती.

"होडी!"

"करीबू, करीबू!" बीबी अस्वस्थ झाल्या. "अगं, बघ ना कोण आहे," त्या सरिताला म्हणाल्या.

सरिताने सगळं बळ एकवटून मान हलवली. "पाहुणा तुमचा आहे, बीबी." हे वाक्य तिने रात्रभर घोकलं होतं.

डॉक्टर काहीतरी विचारणार, तेवढ्यात तिसरी हाक आली. आवाज या वेळी जरा कापत होता. "होडी!"

तिसरी हाक. आता पाहुणा परत जाणार. आमिनाबीबींच्या घरून पाहुणा दारातून परत जाणार! त्यांनी वॉकर ओढला, सरिताकडे एक जळजळीत नजर टाकली आणि उठल्या. एक पाऊल. दुसरं. पाचव्याला त्या डुगडुगल्या, सरिताचे हात पुढे आले आणि तिने ते मागे घेतले. "थांब, थांब, आले," असं दाराला सांगत बीबी निघाल्या होत्या. डॉक्टर पुटपुटत मोजत होते. अकराव्या पावलाला बीबींनी दार उघडलं.

दारात कादिर उभा होता. आजीला उभी बघून तो शिकवलेलं सगळं विसरला. मग खाली वाकला, दोन्ही पावलं धरली आणि कसाबसा म्हणाला, "शिकामो, बीबी."

आमिनाबीबी वाकून बघत राहिल्या. "मराहाबा," त्या म्हणाल्या. "मराहाबा, मराहाबा, मराहाबा." एका हाताने वॉकर आणि दुसऱ्याने नातवाचं डोकं धरून त्या रडत होत्या, आणि रडता रडताच त्याला भराभरा काहीतरी रागावतही होत्या.

कादिरने डोळे पुसत सरिताकडे पाहिलं. "काय म्हणतेय?"

सरिताला सगळं कळलं होतं. इतका वेळ दारात का उभा राहिलास, बारीक झालास, काही खाल्लंस का, असं सगळं होतं ते. पण तिने सांगितलं नाही.

"तिलाच विचारा," ती म्हणाली. "कसं विचारायचं ते मी सांगते."