मेजरांनी बारव धुतली

आमच्या गावात हल्ली पाहुणे येतात ते देवाला नाही, किड्यांना. जाळी, बाटल्या, भिंगं आणि गमबूट घेतलेली पंचविशीतली पोरंपोरी आटपाडीच्या स्टँडवर उतरतात आणि रिक्षावाल्याला नुसतं ‘मेजरांकडे’ म्हणतात. रिक्षावाला कुठले मेजर म्हणून विचारत नाही. घरात पाऊल टाकलं की मेजरांच्या बायको राहीबाई बाजरीची भाकरी वाढतात आणि मेजर दुसऱ्या दिवशीची पहाटे पाचची वेळ सांगून टाकतात. पीएच.डी. करणारं माणूस दुपारी बारापर्यंत झोपतं असं मी ऐकून होतो. आमच्याकडे नाही झोपत.

खरं म्हणजे मानसिंग मेजर हे मेजर नाहीतच. बावीस वर्षं फौजेत काढून ते हवालदार म्हणून परत आले. पण आमच्याकडे शिपाई म्हणून सुटला तरी मेजर आणि सुभेदार म्हणून सुटला तरी मेजर. मी मूळचा सांगलीचा, इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आल्या आल्या मी शहाणपणा करून ही चूक दुरुस्त करायला गेलो, तर आठवडाभर कुणी मला चहाला बोलावलं नाही. तेव्हापासून मीही मेजरच म्हणतो.

चुना आणि गेरू म्हणजे मेजरांचा जीव की प्राण. त्यांच्या दारातल्या लिंबाच्या बुंध्याला पट्टे, म्हशीच्या खुंट्याला पट्टे, अंगणाच्या कडेला लावलेल्या प्रत्येक दगडाला आळीपाळीने पांढरा आणि तांबडा रंग. साहेब येणार म्हटलं की जागा चकाचक पाहिजे, हे बावीस वर्षांत त्यांच्या हाडात मुरलं होतं. घोळ झाला तो ह्याच गुणामुळे.

मे महिन्यात अपूर्वा नावाची एक मुलगी आली. सांगलीची, गोड्या पाण्यातल्या बारीक जिवांवर संशोधन करणारी, नवशिकी, अंगापेक्षा सॅक मोठी. गावाबाहेर आमची जुनी दगडी बारव आहे, साठ-पासष्ट पायऱ्या उतरून पाण्याशी जायची विहीर. तिथं तिनं जाळी टाकली आणि तळाच्या गाळातून एक जीव काढला, मग तसलेच आणखी दोन. खसखशीच्या दाण्याएवढा. अंगावर शिंपल्याची दोन झाकणं, त्यातून केसांसारखे पाय बाहेर काढून तुरुतुरु पोहणारा. ह्या जातभाईंची तिला दोन वर्षं ओळख होती, पण हा कुठल्याच वर्णनात बसेना. ती पायरीवर नाचायचीच बाकी राहिली होती. मेजरांनी लगेच त्या जिवाचं नाव ‘खसखस’ ठेवलं. जाताना ती म्हणाली, माझ्या गाइड चारुशीला मॅडमना घेऊन येते, त्या स्वतः पाणी बघतील.

मॅडम पाणी बघायला येणार! मेजरांच्या डोक्यात एकच शब्द वाजला: इन्स्पेक्शन.

ते दुसऱ्या दिवशी शाळेत आले. ‘मास्तर,’ म्हणाले, ‘एवढी शिकलेली बाई येणार आन आमी तिला शेवाळ दावायचं? गावाची काय इज्जत ऱ्हाईल?’ आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, एम.एस्सी. झालेला माणूस, होय होय म्हणालो. हे मला नीट लिहून ठेवलं पाहिजे. बारवेची लांबी-रुंदी घेऊन, फळ्यावर गणित मांडून, एवढ्या पाण्याला ब्लीचिंग पावडर किती लागेल ते त्यांना मी काढून दिलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बारवेवर मोटर बसली. पाणी उपसलं, वीस माणसं गाळात उतरली, गाळ वर आला. अर्जुना नावाच्या शेतकऱ्यानं ट्रॉली भरभरून तो आपल्या डाळिंबाच्या बागेत नेला. गुंडा कुंभारानं तळातला लोण्यासारखा मऊ गाळ तेवढा चार पाट्या उचलला. मग दगड खराट्यानं घासले, झऱ्यांनी बारव पुन्हा भरली, पावडर पडली. पायऱ्यांना चुना आणि गेरू. मॅडमची तारीख दोनदा पुढे गेली आणि मेजरांनी दोनदा नव्यानं चुना मारला.

बैलांचा सण बेंदूर झाला, त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या दोघी आल्या. वरच्या पायरीवर रांगोळी होती. मेजर इस्त्रीची पँट घालून ताठ उभे. अपूर्वानं खाली बघितलं. पाण्याचा तळ दिसत होता. त्यात पडलेलं एक नाणं दिसत होतं. तिनं जाळी सोडली, वर काढली, बाटलीत पाणी घेतलं, उन्हात धरलं. सहा वेळा असं केलं. बाटलीत पाण्याशिवाय काही नव्हतं.

मग ती त्या गेरूच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. मेजरांना आधी वाटलं, स्वच्छता बघून भरून आलं. मॅडमनी समजावून सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला तो मला बघवेना.

मॅडम कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. मे महिन्यात मिळालेल्या तीन जिवांपैकी दोन तपासणीतच तुटले होते, उरला एक. एका नमुन्यावर नवी जात कुणी मानत नाही. ऑगस्टच्या अखेरीस विद्यापीठाची समिती बसणार होती; तोवर पूर्ण वाढलेले, जिवंत, पुरेसे नमुने दाखवले नाहीत तर अपूर्वाला विषय बदलावा लागणार होता. म्हणजे दोन वर्षं पाण्यात. अपूर्वानं विचारलं, पावडर किती टाकली होती? मेजर माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मीच टाकली, अंदाजानं.’

मी दुपारपर्यंत गप्प बसलो, आणि ती गाडीत बसायच्या आधी तिला फळ्यावरचं गणित सांगून टाकलं. तिनं आकडे ऐकले आणि म्हणाली, ‘सर, गणित बरोबर आहे तुमचं.’ चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण सॅक उचलता उचलता ती थबकली. गाळ कुठं गेला, तिनं विचारलं. पावडर टाकायच्या आधी काढला होता की नंतर? आधी, मेजर म्हणाले. मग मात्र तिची कळी खुलली. तिनं सांगितलं ते मी आयुष्यभर विज्ञान शिकवूनही ऐकलेलं नव्हतं. ह्या जिवांची अंडी गाळात राहतात. गाळ वाळला, भेगा पडल्या, महिने गेले, तरी अंडी मरत नाहीत. पाणी मिळालं की पुन्हा उठतात.

तिचा परतीचा बेत तिथंच रद्द झाला. मेजरांनी पुढची खोली रिकामी करून दिली, आणि त्याच संध्याकाळी आम्ही अर्जुनाच्या बागेत पाट्या घेऊन हजर. त्याच्या डाळिंबाच्या आळ्यांतून गाळ खरवडून आणला. राहीबाईंनी लग्नकार्यातले मोठे टब काढले. नळाच्या पाण्यात पावडर असते म्हणून बोअरचं पाणी आणायचं, दुसरं काही जित्राब त्यात येऊ नये म्हणून उकळायचं, गार करायचं, मग ओतायचं. त्या चुलीपुढं राहीबाई आठ दिवस होत्या. मेजरांनी टबांना नंबर घातले, कोंबड्या आवरल्या, सकाळ-संध्याकाळ फेरी मारून वहीत लिहिलं: हालचाल नाही.

बारा दिवस झाले. हालचाल नाही. पंधराव्या दिवशी अर्जुना मान खाली घालून आला. डाळिंबावर तेल्या रोग पडू नये म्हणून त्यानं गाळ टाकल्यापासून पाच फवारे मारले होते, ते कुणी विचारलं नाही म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं. त्या गाळात मुंगीही जगली नसती. अपूर्वानं सगळे टब पालथे घातले आणि घरी फोन केला की उद्या येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची सॅक दारात होती. राहीबाई कंदील पुसायला म्हणून फळीशी गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. फळीवर बेंदराला पुजलेली मातीच्या बैलांची जोडी होती.

‘आवं,’ त्या नवऱ्याला म्हणाल्या, ‘ही बैलं गुंडानं कशाची केली वो?’

मी आयुष्यात मेजरांना एवढं जोरात पळताना बघितलं नव्हतं. साठी उलटलेला माणूस, पायात एकच चप्पल, थेट कुंभारवाड्यात. गुंडा म्हणाला, व्हय, औंदाची समदी बैलं बारवंच्या गाळाचीच. लय मऊ माती, बोटांची निशाणी बी उठत न्हाई. भाजलेली? छे, बेंदराचे बैल कोण भाजतो? सावलीत वाळवलेले.

म्हणजे अपूर्वाचा सगळा खजिना गावातल्या देवघरांत, फळ्यांवर आणि पोरांच्या हातात उभा होता, शिंगं रोखून!

मग आमची वरात निघाली. पुढे मेजर, मागे टोपलं घेतलेला मी, मधे अपूर्वा. दारोदार बैल मागत फिरणारा मास्तर म्हणून लोकांनी माझी फिरकी घेतली ती घेतलीच. बैल कशाला पाहिजेत असं कुणी विचारलं की मेजर म्हणायचे, ड्यूटीवर लावायचेत. एका म्हातारबाबांनी मात्र अडवलं. पुजलेले बैल असे द्यायचे का? मेजरांनी हात जोडून सांगितलं की पाण्यातच सोडणार आहे. पुजलेली माती पाण्यात सोडायला कोण नाही म्हणणार? म्हातारबाबा स्वतःचे तर घेऊन आलेच, सुनेच्या माहेरचेही घेऊन आले. ते दुसऱ्या गावच्या मातीचे निघाले. अपूर्वानं तेही ठेवून घेतले, एका वेगळ्या टबात, तुलनेसाठी. त्यांतून काही निघालं नाही आणि आपल्यांतून निघालं, तर जीव बारवेचाच हे पक्कं होईल.

एकूण त्रेचाळीस बैल जमले. रंग दिलेले बाजूला काढले, राहिले एकोणतीस. अपूर्वानं एकेक बैल हलक्या हातानं पाण्यात सोडला. शिंगं विरघळली, वशिंडं विरघळली, टबात पुन्हा गाळ झाला. राहीबाईंनी नमस्कार केला. मीही केला, खोटं कशाला बोलू.

आठव्या सकाळी मी दात घासत होतो. रस्त्यावरून मेजरांची हाक आली. ‘मास्तर! हललं!’

मी तोंडात फेस घेऊन पळालो. सात नंबरच्या टबाशी अपूर्वा गुडघ्यांवर बसली होती. आधी मला काहीच दिसेना. मग उन्हाची तिरीप पाण्यात शिरली आणि एक ठिपका स्वतःच्या मनानं वळला. शेजारी दुसरा. मग माझी नजर बसली आणि टबभर ठिपके, तुरुतुरु, वर, खाली, गोल! दुपारपर्यंत अकरा टबांत हालचाल. म्हातारबाबांच्या सुनेच्या टबात शुकशुकाट. त्या दिवशी मी शाळेत गेलो तो वर्गच उचलून मेजरांच्या अंगणात घेऊन आलो. अर्जुनानं कुणी न सांगता पेढे वाटले.

पुढचे दिवस जिवाला घोर होता. जीव वाढत होते, कात टाकत होते, आणि समितीची तारीख जवळ येत होती. तारखेच्या तीन दिवस आधी अपूर्वानं सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितलं, पूर्ण वाढ झाली. मेजर एसटीत मांडीवर बाटल्या घेऊन बसले आणि खड्डा आला की ड्रायव्हरला दम देत राहिले. समितीपुढं अपूर्वानं धुतलेली बारव, पावडर, फवारे, बैल, काहीच लपवलं नाही. तिथल्या सर्वांत ज्येष्ठ बाई नमुना बघता बघता खुर्चीतून उठल्या म्हणे, आणि बाकीच्यांना हात करून बोलावलं. विषय मंजूर झाला. वाळलेल्या गाळातून जीव पुन्हा कसे उठतात, हाच एक धडा तिच्या प्रबंधात वाढला.

मला वाटलं, सुटलो. मेजरांना तसं वाटत नव्हतं. त्यांनी बारवेच्या पायऱ्यांवरचा चुना पत्र्यानं खरवडून काढला. पाण्यातली पावडर पूर्ण उडालीय असं अपूर्वानं तीनदा तपासून सांगितल्यावर टबातला गाळ जिवांसकट घमेल्यांतून खाली नेला. जगात गाळ काढायला माणसं जमतात. आमच्या गावात तो आत टाकायला जमली. शेवटच्या पायरीवर मेजर एकेक घमेलं हळूच बुडवत होते. त्यानंतर त्यांनी रोज संध्याकाळी जाऊन पाण्याकडे बघायचं आणि परत यायचं, असं दोन-अडीच महिने चाललं.

नोव्हेंबरात अपूर्वा आली. आम्ही चौघं खाली उतरलो. पाण्यावर पुन्हा हिरवी साय धरली होती. तिनं जाळी तळाशी नेली, ओढली, बशीत रिकामी केली. मग स्वतः न बघताच भिंग मेजरांच्या हातात दिलं.

मेजर बराच वेळ वाकून होते. मला राहवेना. किती आहेत, मी विचारलं. ज्या माणसानं अंगणातल्या दगडांचीही मोजदाद ठेवली, त्यानं आकडा सांगितला नाही.

‘हायत,’ ते म्हणाले. ‘घरी आल्यात.’

आणि तिथंच ओल्या पायरीवर बसून हमसाहमशी रडायला लागले. अपूर्वा घाबरून पुढे झाली, मीही झालो. राहीबाईंनी आम्हा दोघांना हातानंच थांबवलं.

‘रडू द्या त्यांस्नी,’ त्या म्हणाल्या. ‘ही पोर रडली तवापासनं अडवून धरलंय.’