मोहाखाली उभी राहणारी

अंगण झाडण्याआधी, चूल पेटवण्याआधी गिरजा उभी राहायची. तोंड तळ्याकडे, पाय अनवाणी, गुडघे जरासे सैल आणि दोन्ही हात असे पुढे, जणू पाण्यानं भरलेला हंडा कवेत धरलाय. डोळे अर्धे मिटलेले. शेजारची मीराबाई शेणाचं घमेलं घेऊन जाता जाता रोज काहीतरी बोलल्याशिवाय राहायची नाही.

"गिरजे, कोन्या भुताले कवेत घेतलं वो?"

"तुह्याच सासऱ्याले," गिरजा डोळे न उघडता म्हणायची.

तिचा नवरा इस्तारी खांद्यावर जाळं टाकून मासे धरायला निघायचा, तो तिला वळसा घालून. तिच्यासमोरून गेलं तर तिच्या कवेतलं काहीतरी सांडेल, असं त्याला वाटायचं. विचारलं मात्र त्यानं कधी नाही.

हे उभं राहणं गिरजा धानोऱ्याकडच्या एका निवासी शाळेत शिकली. तिथं ती मुलींसाठी भात रांधायची. चंद्रपूरहून आलेल्या संघप्रिया मॅडम सकाळी मैदानात कराटे शिकवत. लाथा-बुक्क्यांचं गिरजाला काही वाटलं नाही. पण त्याआधी साऱ्या मुली एकदम गप्प उभ्या राहत, तेव्हा तिच्या हातातला झारा थांबायचा. एक दिवस मॅडमनी तिला खिडकीतूनच हाक मारली आणि ओळीत उभं केलं. बेंबीखाली ऊर्जा साठवायची, म्हणाल्या. गिरजाला ऊर्जा म्हणजे चंद्रपूरचं ऊर्जानगर ठाऊक, धुराच्या उंच चिमण्यांचं.

"तेथची लाईट माह्या पोटात काऊन येईन, बाई?" तिनं विचारलं, तेव्हा मुलींची ओळ हसून मोडली.

पुढं एका हिवाळ्यात, उभी असताना, तिच्या तळव्यांत चुलीपुढं बसल्यासारखं काहीतरी हळूहळू उतरत आलं. तिनं त्याला ऊब म्हटलं. शाळेतलं काम सुटलं, मॅडमची बदली झाली, ऊब राहिली. इतकं शिकून तिनं जन्मात कुणाला चापटही मारली नव्हती.

तिच्या उभं राहण्याचा गावाला उपयोग झाला तो वाघामुळं. जंगलात एका गुराख्याला वाघानं नेलं, आणि वनरक्षक गावात येऊन सांगून गेला: एकटं जाऊ नका, खाली वाकू नका, वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. बायांनी ऐकून घेतलं. पण मोहफूल जमिनीवर पडतं. ते उभ्यानं वेचता येत नाही.

तेव्हा गिरजा म्हणाली, "तुमी येचा. मी उभी राह्यतो."

आणि ती राहिली. पहाटेच्या उजेडात हातातली काठी जमिनीवर टेकवून, श्वास खोल सोडून, मोहाच्या झाडाखाली ती उभी असायची आणि भोवती बाया वाकून फुलं गोळा करायच्या. पाचोळ्यात मुंगूस हललं तरी तिची मान वळायची. परत निघताना प्रत्येक बाई आपल्या टोपलीतलं ओंजळभर तिच्या पदरात टाकायची. मीराबाईसुद्धा, आणि वर म्हणायची, "घे, भुताचा वाटा."

गिरजाच्या मुलाचं, प्रफुलचं लग्न होऊन रिना घरात आली ती राजुऱ्याची. कोळशाच्या खाणीजवळ वाढलेली पोर. प्रफुल तिकडंच ट्रक चालवायचा, खोली मिळेपर्यंत ती सासू-सासऱ्यांकडं राहिली. सासूला ती आत्या म्हणायची, सासऱ्याला मामाजी. जंगलाची तिला इतकी भीती की परसात जातानाही मागं पाहायची. गिरजानं तिला अंगणात आपल्या शेजारी उभं केलं. रिनाचा श्वास छातीतच अडकून राहायचा.

"जबरदस्ती नोको करू त्याले. बकरी कशी आपल्या मनानं घरी येते, तशी येईन ऊब."

"माही बकरी हरवली वाटते, आत्या."

"येईन. दम धर."

एवढंच तिचं शिकवणं. दम धर. रिना आधी श्वास कोंडून धरायची, मग तिला कळलं की सासू थांबायला सांगतेय.

चैत्रातल्या एका सकाळी, मोहाखाली पोचल्यावर, गिरजानं काठी रिनाच्या हातात दिली. आज तू उभी राह्य म्हणाली, मले येचू दे, फुलाले हात लावून लई दिवस झाले. गुडघ्यांवर हात ठेवून ती खाली बसली आणि लहान मुलीसारखी भराभर वेचू लागली. बाया हसल्या. रिना उभी राहिली. गुडघे सैल, नजर झुडपांच्या कडेला. टपटप फुलं पडत होती. लांब कुठंतरी होला घुमत होता. तिनं श्वास सोडला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो थेट खाली उतरला. तळवे गरम झाले. आत्याला सांगायचं, तिच्या मनात आलं, आली माही बकरी.

मीराबाई किंचाळली तेव्हा ती ऊब रिनाच्या हातांत होतीच.

रिना काठी घेऊन धावली, साऱ्या बाया ओरडत धावल्या. वाघानं गिरजाला नाल्यापाशी सोडलं. तोवर तिच्यात जीव उरला नव्हता.

मग अशा वेळी जे होतं ते सगळं झालं. पंचनामा झाला, प्रफुल आला, तळ्याच्या काठावर माती दिली. बायांपैकी कुणी रिनाला बोल लावला नाही. मीराबाईनं तर साऱ्यांदेखत सांगितलं की पोरगी खांबासारखी उभी होती, तो आला कुठून ते कुणालाच दिसलं नाही. पण अंगणात बसलेल्या माणसांत एकजण हळूच म्हणाला, "सून उभी होती ना?" आणि ते रिनानं ऐकलं. तिला कुणाला सांगताही येत नव्हतं की त्या घडीला ती घाबरलेली नव्हती, आनंदात होती. कान उघडे होते, डोळे उघडे होते, गिरजानं शिकवलं तसं सारं बरोबर होतं. चुकलं असतं तर निदान चूक तरी हातात राहिली असती.

इस्तारी तळ्यावर जाईना. जाळं खुंटीवर वाळत राहिलं. मोहाला गेलेल्या एकेका बाईच्या दारात जाऊन तो विचारून आला, काई बोलली का ते? बाया रडायच्या, आठवायच्या, डोकं हलवायच्या. रिनाकडं मात्र तो येत नव्हता, आणि ती त्याच्या पावलांचा आवाज आला की आत सरकायची. तो विचारेल ते तिला ठाऊक होतं: तुले आयकू नाई आलं काऊन?

शेवटी एका सकाळी तो चुलीपाशी येऊन तिच्यासमोर बसला.

"बाई," तो म्हणाला, "तुले तं काई बोलली असन. तूच जवळ होती."

त्याला काहीतरी मोठं द्यावं, असं रिनाला वाटलं. तुमाले जपा म्हणाली, असं सांगावं. शब्द जिभेवर आलेही. पण तो तिच्याकडं असा पाहत होता, जसा तहानलेला माणूस पाहतो, आणि खोटं पाणी तिला ओतता येईना. निरोप तर होताच. त्याच्यासाठीच होता. वेचायला बसता बसता, काठी देऊन झाल्यावर, मान वळवून दिलेला. इतका साधा की तो द्यायचा राहिला हे तिला लाजेनं कुणालाच सांगवलं नव्हतं.

"म्हने," ती खाली मान घालून बोलली, "मामाजीले सांगजो, कोंबडी अंड्यावर बसली हाये, डालं उचलू नोका."