मिस्त्रींनी सांगितलेलं लाकूड

गिटार हातात आली की मिस्त्री ती कधी वाजवून बघत नसत. त्यांना वाजवता येतच नव्हती. मागच्या झाकणाचे स्क्रू काढायचे, आतल्या विजेच्या तारा बोटानं बाजूला सारायच्या आणि त्या खोबणीत सरळ नाक घालायचं. नवीन गिऱ्हाईक हसायचं. मिस्त्री डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे आणि लाकडाचं नाव सांगायचे.

शुक्रवार पेठेतल्या वाद्यांच्या दुकानात मी बरीच वर्षं नोकरी करते. पूर्वी पेट्या आणि तबलेच जास्त जायचे. आता इलेक्ट्रिक गिटारी जातात, त्यातही जुन्या गाजलेल्या गिटारींच्या हुबेहूब नव्या आवृत्त्या. गिऱ्हाईकं त्यांना ‘रीइश्यू’ म्हणतात. वेबसाइटवर त्यांची वर्णनं लिहिणं माझं काम. मिस्त्री आठवड्यातून दोनदा दुरुस्तीला यायचे. उमेदीची वर्षं त्यांनी हातमागाचे धोटे घडवले होते. माग बंद पडत गेले तसे ते फर्निचरकडे वळले आणि मग आमच्याकडे.

“रंगाला इचारू नगं पोरी, भोकाला इचार,” असं ते म्हणायचे. वरचं जाड पॉलिश काहीही लपवतं, पण स्क्रूच्या भोकात लाकूड उघडं असतं. महोगनीची बारीक रेघांसारखी छिद्रं, अ‍ॅशच्या ठळक शिरा, नखानं दबणारं बासवुड, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. एकदा पावलोनिया नावाच्या लाकडाची गिटार उचलून ते म्हणाले, “ह्यो तर आपला पांगारा की! फुंकर मारली तर उडंल.” गिटारीच्या मानेवरची काळी पट्टी ते ओल्या फडक्यानं पुसत. फडकं काळं झालं की म्हणत, “शिसव न्हाय. शिसवीचं सोंग हाय.”

पण स्वस्त लाकडाचा त्यांना राग नव्हता. पांगाऱ्यासारखी ती गिटारही त्यांनी जीव लावून दुरुस्त केली. “हलकं लाकूड वाईट नसतंय,” म्हणाले, “त्याला खोटं नाव दिलं की वाईट.”

अक्कलकोटचे एक संगीतशिक्षक होते. त्यांचा थोरला भाऊ ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. तो गेला आणि घरच्यांनी ती गिटार कुणाला तरी देऊन टाकली. त्याच नमुन्याचा रीइश्यू आमच्याकडे आल्याचं गुरुजींना कळलं. तोवर मिस्त्रींनी ती उघडून मला सांगितलं होतं, “वरनं महोगनीचा पापुद्रा हाय. आत तीन तुकडे चिकटवल्यात, साधं लाकूड, रंग दिलेलं.” मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “कंपनीच्या कागदावर महोगनी आहे ना? मग तेच लिही.” मी लिहिलं, ‘एकसंध महोगनी’. गुरुजींनी फोन करून विचारलं, “ताई, भावाची तशीच होती. नक्की ना?” मी म्हणाले, “हो, नक्की.”

चारेक महिन्यांनी गिटारीत खरखर येते म्हणून गुरुजी ती घेऊन दुकानात आले. मिस्त्री समोरच बसले होते. ते झाकण उघडत असताना गुरुजी कौतुकानं म्हणाले, “एकसंध महोगनी आहे बरं का.”

मिस्त्रींचा हात थांबला. “कोन म्हनलं? महोगनीचा नुसता पापुद्रा हाय, गुरुजी. ह्या पोरीला मी तवाच सांगितलं हुतं की.”

मालक लगबगीनं पुढे आले. “गुरुजी, मिस्त्रींचं वय झालंय. मोतीबिंदू आहे, दिसत नाही त्यांना नीट.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काय गं, असं काही बोलले होते का हे तुला?”

तिघंही माझ्याकडे बघत होते. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी खरं सांगणार, याची त्यांना खात्री होती.

मी खाली बघून म्हणाले, “नाही.”

मिस्त्रींनी खरखर काढली, एकेक स्क्रू पुन्हा बसवला आणि गिटार गुरुजींच्या हातात दिली. “आवाज नीट झालाय बगा.” मग हत्यारं पिशवीत भरली आणि जाताना मला म्हणाले, “येतो, मॅडम.”

ते परत आले नाहीत. मालकांनी पेठेत सगळीकडे सांगितलं की मिस्त्रींची नजर गेली. दुसऱ्या दुकानांनीही त्यांना काम देणं बंद केलं. ते घरीच पोळपाट-लाटणी करून विकू लागले.

वर्षभरानं मी हिंमत करून त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर लाटणं घासत बसले होते. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “गुर्जींना सांगितलं?”

“नाही.”

“मग माज्याकडं कशाला आलाव?”

पुढच्या रविवारी मी अक्कलकोटला गेले. गिटार भिंतीवर टांगलेली होती. मी सगळं सांगितलं. गुरुजी म्हणाले, “मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही खाली बघितलंत ना.” मग म्हणाले, “लाकूड कुठलंही असतं तरी मी ती घेतली असती हो. मला भावाची आठवण हवी होती. आता ती हातात घेतली की भावाच्या आधी ते तुमचं दुकान आठवतं.”

परत येऊन मी मिस्त्रींना म्हणाले, “सांगितलं, मामा.”

“बरं केलं,” म्हणाले आणि पुन्हा लाटणं घासू लागले. मी बराच वेळ उभी होते. बसा म्हणाले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांची लेक दारात होती. मी कुठल्या दुकानातली ते सांगितलं, नाव सांगितलं. तिनं आठवून पाहिलं.

“बाबांनी तुमचं नाव कधी काढलं न्हाय.”

“वाईट म्हणूनसुद्धा नाही?”

“न्हाय,” ती म्हणाली. “कायच न्हाय.”

मी तिथून दुकानात गेले. नवा माल आला होता आणि त्याची वर्णनं लिहायची राहिली होती.