आवडाबाईंना नातीच्या मांडवात बसायचं होतं

आमच्या कळव्याच्या गावठाणात लग्नाला आधी धवलारीण लागते, भटजी नंतर. धवले गाऊन देवांना आवतण देणारी, लग्नाचे विधी करणारी आमची आगरी बाई. आवडाबाई सासू गेल्यापासून हे काम करत आलेल्या. आणि त्याच बाईला सख्ख्या नातीच्या, निशाच्या लग्नात गावाबाहेर ठेवायचं ठरलं. ठरवलं कोणी? पोटच्या पोराने, दिपेशने. मी जाब विचारला तर म्हणाला,

"बाहेर काय रे? आई आंबिवलीला मावशीकडे चार दिवस राहील. मांडवात फिट आली तर पाहुण्यांना काय सांगू मी?"

"ती फिट नाही."

"तू डॉक्टर आहेस का, भाऊ?"

नाही. मी दहावी नापास. लोकांसाठी सरकारी दवाखान्यांत भांडतो, तेवढंच माझं शिक्षण. पण डोळे शाबूत आहेत.

झालेलं असं. मोहने गावात एका हळदीत आवडाबाई आणि त्यांची जाऊ विमलाबाई धवला गात होत्या. एक ओळ टाकते, दुसरी उचलते, अशी ही गाणी. विमलाबाई मधेच चहाचं बघायला मांडवामागे गेल्या आणि तिथला सिलिंडर फुटला. विमलाबाई गेल्या. आवडाबाईंना साधं खरचटलंही नाही. लोक म्हणाले, देवीने वाचवली.

देवीने वाचवलेली ही बाई नंतर गॅस पेटवेना. कुकरची शिट्टी झाली की भिंतीला चिकटायची. मांडवाचं कापड दिसलं की छाती धडधडायची, अंगाला घाम सुटायचा. गल्लीतल्या डॉक्टरने हृदय तपासून घेतलं, ठीक निघालं. म्हणाला, "आजी, वय झालं आता." माझं टाळकंच सरकलं. वय काय एका दुपारीत होतं?

भगताने वेगळंच काढलं. धवला अर्धा राहिला म्हणून देवी रुसली, तो पुरा करा. दिपेशने कोंबडा दिला, अंगणात आईला उभी करून मोहन्याचा तोच धवला पुढे म्हणायला लावला. दुसऱ्या ओळीला ती माऊली खाली कोसळली. तेव्हापासून मांडव शब्द काढला तरी आत जाऊन दार लावून घ्यायच्या.

मी त्यांना रिक्षात घालून ठाण्याला सरकारी हॉस्पिटलच्या मनाच्या विभागात नेलं. "वेड्यांच्या डॉक्टरकडे?" म्हणून दिपेश बोंबलला. बोंबलू दिला.

तिथे संचिता मॅडम. वयाने निशापेक्षा थोड्याच मोठ्या. म्हणाल्या, "आजी, तो स्फोट तुमच्या अंगात अजून संपलेला नाही. हा आजार आहे, आणि या वयातही त्यावर उपचार होतो. पण तो दिवस तुम्हाला सांगावा लागेल. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हापुन्हा."

आवडाबाईंनी मला बाहेर जाऊ दिलं नाही, म्हणून मी कोपऱ्यात बसलो. त्यांनी डोळे मिटले आणि सगळं धवल्याच्या चालीत गायलं. विमला फुलावानी गेली, देवीच्या पायाशी पडली. डोळे कोरडे, आवाज खणखणीत. मला वाटलं, वा, निघालं सगळं.

"आजी, गाऊ नका," मॅडम म्हणाल्या. "बोला."

"गाना नि बोलना एकच हाय."

"मग बोलूनच सांगा."

"तू कालची पोर! माज्या धवल्याला आजवर कुनी थांबवला नाय."

मी उठलो. "मॅडम, म्हातारीला छळताय कशाला?"

"तुम्ही बाहेर बसता का?"

मी परत कोपऱ्यात बसलो. नाइलाज होता.

आवडाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. 

"फुलावानी नाय गेली ती. वराडत व्हती. आवडे, आवडे, करून. मना दोघा जनांनी धरलेली. मी नुसती आयकत व्हते."

पदर तोंडात कोंबून त्या हमसल्या. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला, शांत होऊ दिलं, आणि म्हणाल्या, "आता पुन्हा. सुरुवातीपासून."

मॅडमनी ते बोलणं आवडाबाईंच्या फोनवर रेकॉर्ड केलं. घरी रोज ऐकायचं, दर मंगळवारी परत यायचं. निशा शेजारी बसायची. आधी सगळं बिघडलंच. स्वप्नं वाढली, जेवण तुटलं. दिपेशने माझी कॉलर धरली, "आईला पार घालवलीस तू!" खरं सांगतो, मलाही धाकधूक होती. पण पुढच्या मंगळवारी मी दारात जायच्या आत आवडाबाई रिक्षात बसलेल्या. मग गॅसजवळ उभं राहणं आलं, नंतर दुसऱ्याच्या मांडवाबाहेर थांबणं, मग आत एक खुर्ची.

हळदीच्या सकाळी आंबिवलीची पिशवी भरून तयारच होती. निशा पाटावर बसेना. "आजी नाय, तर हळद नाय." दिपेश हरला.

आवडाबाई मांडवात येऊन बसल्या आणि बाहेर कुणा शहाण्याने फटाक्यांची माळ लावली. बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी बांबू गच्च धरला. दिपेश धावला, "आई, आत चल."

"थांब."

डोळे उघडे ठेवून, श्वास सोडत, त्या स्वतःलाच सांगू लागल्या, "ह्यो निशाचा मांडव. मोहन्याचा नाय. विमला मेली. ही निशा हाय."

हळदीच्या मांडवात मेलेल्या बाईचं नाव! बायकांनी जिभा चावल्या. फटाके वाजतच होते. मी ते बंद करायला धावलो. परतलो तेव्हा त्यांनी बांबू सोडला होता.

मग पहिली ओळ आली. चिरकी, पण आली. दुसरी उचलायला कुणी नव्हतं. चार बायकांनी एकदम उचलली, चार सुरांत.

"गारवींनो," चौघींना गाढवं ठरवून आवडाबाई म्हणाल्या, "विमला आसती तं..."  घोटभर पाणी प्यायल्या आणि तिसरी ओळ टाकली. पाचवीला थांबल्या. "आज एवराच."

दिपेश मला बाजूला घेऊन पुटपुटला, "बरी झाली ना रे आई?"

"सर्दी होती का ती? मंगळवारी परत न्यायचंय. आणि या खेपेला आत तू बस."

त्याने आईकडे पाहिलं. "किती वाजता निघायचं?" म्हणाला.